बाहेरून पीएचडी करता येते का?

निपाणीच्या स्टँडवरून कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीकरांना आपलंच वाटतं, पण ते हद्दीपलीकडे कागल तालुक्यात, म्हणून शिवाजी विद्यापीठाचं. गावातलं बागेवाडी कॉलेज मात्र राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे. अशा भागात नोकरी सांभाळून बाहेरून एमए करणारे पुष्कळ. त्यातूनच 'पीएचडीही बाहेरून होते' ही समजूत पक्की झाली आहे.

होत नाही. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीत दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन पीएचडीला साफ मनाई आहे. मुभा आहे ती अर्धवेळ पीएचडीला, आणि तिथं कोर्सवर्क चुकत नाही, दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे उभं राहणंही चुकत नाही. नोकरदाराला कार्यालयाचं ना हरकत पत्र लागतं. कोर्सवर्कसाठी गरज पडल्यास कामातून मोकळं करू, असं त्यात लिहून घ्यावं लागतं.

याच्या उलटही ऐकू येतं: बाहेरून एमए केलं म्हणजे पीएचडीचं दार बंद. तेही खोटं. मान्यताप्राप्त दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीनं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. फक्त आपण प्रवेश घेतला त्या वर्षी मान्यता होती का, ते बघावं. म्हैसूरच्या मुक्त विद्यापीठाची मान्यता मध्यंतरी गेली होती, ती २०१८ मध्ये परत मिळाली.

राहिला गाइड. तो गावातलाच हवा, असा अनेकांचा हट्ट असतो. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरला त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे जवळचा गाइड मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी चहा पिऊन परत येण्यात अर्थ नाही. मार्गदर्शन होतं ते लिहिलेल्या पानावर.

समजा, कुणी १९८१ च्या तंबाखू आंदोलनावर काम करतंय आणि लिहितं, 'सगळा निपाणी भाग रस्त्यावर उतरला.' चांगला गाइड समासात विचारतो: सगळा म्हणजे कोणती गावं? सांगितलं कुणी? तो स्वतः तिथं होता की ऐकीव? कन्नडमधली सरकारी कागदपत्रं पाहिलीत का? मग विद्यार्थी पुन्हा गावात जातो, म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या ओसरीवर बसतो. इथं विषयापासून लांब असतो तो गाइड, विद्यार्थी नव्हे. म्हणून 'सर सांगतील तसं लिहू' हे चालत नाही. सरांना जे दिसत नाही ते विद्यार्थ्यानंच कळवायचं असतं. फोनवर जे ठरलं ते त्याच संध्याकाळी चार ओळींत मेल करून ठेवावं. पुढे 'मी असं म्हणालो नव्हतो' ही भानगड उरत नाही.

आणि रजिस्ट्रेशन झालं की निवांत, असंही नाही. प्रवेशापासून ६ वर्षं, पुनर्नोंदणी मिळाली तर आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत मिळू शकते.