इंटरनेट सर्वांना सारखे: पक्षांचा शब्द आणि कायद्याची उणीव

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने कोणतेही संकेतस्थळ किंवा अ‍ॅप अडवू नये, मुद्दाम मंद करू नये आणि एकासाठी कमी, दुसऱ्यासाठी जास्त पैसे घेऊ नयेत, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात. अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये हा शब्दप्रयोग मांडला. ग्राहकाने डेटा पॅकचे पैसे भरले, की त्या डेटावर त्याने चित्रपट पाहावा, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलावे की कांद्याचा भाव पाहावा, हे ठरवण्याचा हक्क त्याचा, कंपनीचा नव्हे.

हा विषय तंत्रज्ञांचा वाटतो, पण त्याचे परिणाम थेट बाजारात दिसतात. निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक पिकअप भरण्यापूर्वी लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, मनमाड अशा बाजार समित्यांचे त्या दिवशीचे भाव मोबाइलवर पाहतो. क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक दिसला, तर गाडी कोणत्या रस्त्याला लावायची हे त्यावर ठरते. समजा, भाव सांगणारे एक मोठे अ‍ॅप मोबाइल कंपनीशी करार करून फुकट उघडू लागले आणि एखाद्या छोट्या पण अचूक संकेतस्थळासाठी मात्र डेटा खर्चावा लागला, तर शेतकरी साहजिकच फुकटाकडे वळेल. ती माहिती अपुरी असली, तरी ताडून पाहण्याची सवय मोडेल. कोणते अ‍ॅप फुकट ठेवायचे, हे ठरवणाऱ्याच्या हाती बाजारही जातो.

भारतात या वादाची ठिणगी डिसेंबर २०१४ मध्ये पडली. एअरटेलने इंटरनेटवरून केल्या जाणाऱ्या कॉलसाठी वेगळा आकार जाहीर केला आणि टीका होताच मागे घेतला. २७ मार्च २०१५ रोजी ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, अशा सेवांवर नियंत्रण असावे का, याविषयी ११८ पानांची चर्चापत्रिका काढून २० प्रश्न विचारले. पाठोपाठ ‘एअरटेल झिरो’ योजना आली: अ‍ॅपवाल्याने कंपनीला पैसे द्यायचे आणि ग्राहकाला ते अ‍ॅप फुकट मिळायचे. लोकांनी ट्रायला दहा लाखांहून अधिक ईमेल पाठवले. संताप एवढा होता, की फ्लिपकार्टने या योजनेतून अंग काढून घेतले. राजकीय पक्षांना बोलावे लागले ते या रेट्यामुळे. कोणत्याही पक्षाने हा प्रश्न आधी उचलून लोकांपर्यंत नेला नव्हता.

२२ एप्रिल २०१५ रोजी काँग्रेसचे राहुल गांधी यांनी हा मुद्दा लोकसभेत मांडला. सरकार इंटरनेट काही उद्योगपतींच्या हाती देऊ पाहत आहे, असा आरोप करून त्यांनी मागणी केली, की असलेला कायदा बदलावा किंवा नवा करावा. दूरसंचारमंत्री रविशंकर प्रसाद यांनी भाजप सरकारच्या वतीने उत्तर दिले: इंटरनेट सर्वांना भेदभावाविना मिळावे हीच सरकारची भूमिका आहे, ट्राय फक्त सल्ला देते आणि अंतिम निर्णय सरकारचा असेल. आम आदमी पक्षाचे अरविंद केजरीवाल यांनी नेट न्यूट्रॅलिटीच्या मोहिमेला उघड पाठिंबा दिला. बिजू जनता दलाचे खासदार तथागत सत्पथी यांनी ट्रायला पत्र लिहिले. तत्त्वापुरते पाहिले तर सत्ताधारी आणि विरोधक एकाच बाजूला उभे होते. खरा मतभेद होता तो एवढाच: हे तत्त्व कायद्यात लिहायचे, की सरकारच्या आणि नियामकाच्या नियमांवर सोडायचे?

तपशिलात शिरल्यावर सरकारची भूमिकाही तेवढी स्वच्छ राहिली नाही. दूरसंचार विभागाच्या समितीचा अहवाल जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेट न्यूट्रॅलिटीची मूळ तत्त्वे पाळावीत, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मात्र देशांतर्गत इंटरनेट कॉलना टेलिफोन कंपन्यांसारखेच नियम लावावेत, अशी शिफारसही होती. याचा अर्थ बाकी सारे समान, पण जिथे कंपन्यांचा धंदा बुडतो तिथे अपवाद. ही शिफारस सरकारने तेव्हा अमलात आणली नाही, हे बरे झाले.

सर्वांत कठीण परीक्षा फेसबुकच्या योजनेने घेतली. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने १० फेब्रुवारी २०१५ रोजी ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ सुरू झाले. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि सेवेच्या भाषांत मराठी होती. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. त्यात निवडक संकेतस्थळे फुकट उघडत. व्हिडिओ आणि मोठी छायाचित्रे चालत नसत. कोणते संकेतस्थळ त्यात बसते याच्या अटी फेसबुक ठरवत असे. डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून या योजनेची बाजू मांडली आणि दाखला दिला तो महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचा, जो तिच्यावर हवामान आणि बाजारभाव पाहतो. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नव्हता. ज्याला महिन्याचे रिचार्ज परवडत नाही, त्याला काहीच नसण्यापेक्षा थोडे मिळालेले बरे, असे म्हणणारे बरेच होते. परंतु हवामान कोणाचे आणि भाव कुठला, हे एक परदेशी कंपनी ठरवणार असेल, तर त्या शेतकऱ्याला इंटरनेट मिळाले असे म्हणता येत नाही.

त्याच वर्षी नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा भरला होता. मूळचे नाशिकचे आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये काम करणारे रमेश रासकर यांच्या पुढाकारातून ‘कुंभथॉन’ हा उपक्रम चालला. नाशिकची महाविद्यालयीन मुले गर्दी, आरोग्य, अन्नवाटप यांसारख्या प्रश्नांवर अ‍ॅप आणि उपकरणे तयार करत होती. त्यांच्याकडे मोबाइल कंपनीला देण्यासाठी पैसे नव्हते. त्यांचे अ‍ॅप आणि अब्जावधींच्या कंपनीचे अ‍ॅप ग्राहकाच्या फोनवर सारख्याच दराने उघडते, एवढ्याच बळावर अशी मुले उभी राहू शकतात. नेट न्यूट्रॅलिटीचा खरा लाभार्थी हा आहे, आणि पक्षांच्या भाषणांत तो क्वचितच दिसला.

भेदभावाच्या दरांवरील दुसऱ्या चर्चेत ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या. त्यांतल्या कित्येक फेसबुकने तयार करून दिलेल्या मजकुराच्या होत्या. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी, आर. एस. शर्मा अध्यक्ष असताना, ट्रायने मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास बंदी घातली. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठरला. आपत्कालीन सेवांना सूट मिळाली. फेसबुकने भारतातील फ्री बेसिक्स बंद केले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांच्या परवान्यातच अट घातली, की मजकूर अडवणे, मंद करणे किंवा एखाद्याला झुकते माप देणे चालणार नाही. काही विशेष सेवा त्यातून वगळल्या गेल्या. जगातील कडक नियमांत या अटीची गणना होते आणि तिचे श्रेय तेव्हाच्या सरकारला द्यायलाच हवे.

एक गल्लत मात्र टाळली पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव-अंजनेरी येथील एका घटनेनंतर उसळलेल्या हिंसाचारात नाशिकमध्ये मोबाइल इंटरनेट बंद ठेवले गेले. तो सरकारी आदेश होता. नेट न्यूट्रॅलिटीचे नियम कंपन्यांच्या वागण्यापुरते आहेत. एखादा पक्ष समान इंटरनेटच्या बाजूने असला, म्हणून तो इंटरनेटबंदीच्या विरोधात असेलच असे नाही.

अमेरिकेत हा प्रश्न पक्षांच्या रेषेवर दुभंगला. तेथील दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताने नियम केले, २०१७ मध्ये रिपब्लिकन बहुमताने ते रद्द केले, २०२४ मध्ये पुन्हा आणले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते मोडीत काढले. भारतात पक्षांचे एकमत असल्यामुळे असे हेलकावे बसले नाहीत. पण भारतातले संरक्षण नियामकाच्या नियमावर आणि परवान्याच्या अटीवर उभे आहे. परवान्याची अट बदलण्यासाठी संसदेत मतदान लागत नाही. दूरसंचार कायदा २०२३ संमत झाला, त्यातही नेट न्यूट्रॅलिटीसाठी स्वतंत्र कलम आले नाही. दरम्यान, मोठ्या अ‍ॅपनी जाळ्याच्या खर्चात वाटा उचलावा, अशी दूरसंचार कंपन्यांची मागणी सुरूच आहे. ती मान्य झाली, तर पैसे देणारा आणि न देणारा हा भेद मागच्या दाराने परत येऊ शकतो.

म्हणून नाशिक आणि दिंडोरीच्या मतदारांनी पुढच्या निवडणुकीत दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, हे विचारावे: २०१५ मध्ये सगळ्यांनी मान्य केलेले तत्त्व कायद्यात आणण्यासाठी तुमचा पक्ष संसदेत मत देईल का? आणि उत्तर जाहीरनाम्यात लेखी मागावे.