गोव्यातलं सगळ्यात प्रसिद्ध चर्च लाल का दिसतं? मूळचा रंग तो नव्हताच!

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला गेलात तर समुद्राआधी डोळ्यांत भरतो तो लालसर दगड. घराच्या भिंती, गडगे, विहिरीचे कठडे, जिकडे तिकडे जांभा. इथला शंकर अनेक कोकणस्थ कुटुंबांचं कुलदैवत, त्यामुळे देवळाच्या कामासाठी पुण्या-मुंबईतून वर्गणी येणं कोकणाला नवं नाही.

पण पैसे जमले की पुढचा प्रश्न येतो. जुन्या वास्तूचं नेमकं करायचं काय?

याचं उत्तर शोधताना जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकाची गोष्ट माहीत असायला हवी. कारण तेही जांभ्याचंच बांधकाम आहे.

1594 मध्ये सुरू झालेलं हे चर्च 1605 मध्ये पूर्ण झालं. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव इथेच आहे. 1986 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. समोरच्या बाजूला कोरीवकामासाठी वापरलेला काळा दगड थेट वसईहून आणलेला. बाकी भिंती जांभ्याच्या, आणि त्यावर चुन्याचा गिलावा. म्हणजे आज इन्स्टावर दिसणारं हे लालभडक चर्च साडेतीन शतकं शेजारच्या से कॅथेड्रलसारखं पांढरं होतं!

मग झालं काय? 1950 च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीतच, बाल्ताझार कास्त्रो या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली बाहेरचा गिलावा खरवडून काढण्यात आला. वास्तू जुनी दिसावी, दगड उघडा दिसावा, एवढाच हेतू.

आता इथे जांभ्याचा स्वभाव समजून घेऊ. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की चिरे कापून काढता येतात. हवा लागली की तो कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी 1807 मध्ये केरळातला हा दगड पाहून त्याला ‘लॅटराइट’ नाव दिलं, ते लॅटिनमधल्या वीट या अर्थाच्या शब्दावरून. पण कडक झाला तरी त्याची छिद्रं बुजत नाहीत. कोकण-गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. उघड्या भिंतीत पाणी मुरतं, सोबत समुद्राचा खार जातो. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, खार आतच राहतो, त्याचे स्फटिक होतात आणि दगडाचा भुगा पडू लागतो.

चुन्याचा गिलावा इथेच कामाला येतो. तो दगडाऐवजी स्वतः झिजतो. झिजला की पुन्हा लावायचा, पावसाळा संपला की चुना मारायचा. शिवाय चुना ओल आत कोंडून ठेवत नाही. सिमेंटचं तसं नाही. सिमेंट वरून घट्ट बसतं, भेगेतून आत गेलेलं पाणी बाहेर येऊ देत नाही आणि मागचा चिरा सडत राहतो. वरून भिंत अगदी झकास दिसते, हीच खरी फसगत.

2020 मध्ये बॅसिलिकाच्या रेक्टरनीच पाणी झिरपत असल्याची तक्रार जाहीरपणे केली आणि गिलावा पुन्हा चढवण्याची मागणी पुढे आली. पण वास्तू भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. तिथे परवानगीशिवाय काहीच करता येत नाही. दुसरी अडचण भावनेची. सत्तर वर्षांत लोकांना लाल रूपाचीच सवय झाली आहे. पांढरं केलं तर ‘आमचं चर्च बदललं’ म्हणणारेही आहेत. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण दगडाला ते कळत नाही.

लोकवर्गणीतून चर्च उभं राहिल्याचं जुनं उदाहरण मुंबईतच आहे. फोर्टमधलं सेंट थॉमस चर्च गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यांच्या काळात सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं अर्धवट पडून राहिलं. रिचर्ड कॉब या पाद्रींनी लोकांना आवाहन करून वर्गणी गोळा केली आणि 1718 च्या नाताळला ते उघडलं. किल्ल्याचा त्याच्याजवळचा दरवाजा म्हणजे चर्चगेट. हो, तेच स्टेशनवालं. या चर्चच्या जतनाच्या कामाला 2004 मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

कोकणातल्या गावदेवळांची अडचण मात्र बॅसिलिकाच्या उलटी आहे. त्यांतली बहुतेक कुठल्याही संरक्षित यादीत नाहीत. गावाने ठरवलं की जुनं पाडून स्लॅबचं देऊळ उभं राहतं, गाभाऱ्यात चकचकीत फरशी येते, लाकडी खांबांना ऑइलपेंट लागतो. देणाऱ्याची श्रद्धा खरी असते, पण देणगीच्या पाटीवर ‘कौलं शाकारली’ यापेक्षा ‘नवीन सभामंडप’ जास्त शोभतो.

खरं तर खर्च आधी छपरावर व्हायला हवा. कौलं, पन्हळी, पाणी वाहून नेणारी गटारं नीट असली की निम्मं दुखणं तिथेच थांबतं. नंतर भिंतीवरचं सिमेंट हलक्या हाताने काढून चुन्याचं काम. पूर्वी घाणीत चुना मळून त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालत. हे काम येणारे गवंडी कमी उरलेत, आणि चुना मुरवायलाच काही आठवडे जातात. जत्रेच्या आधी काम उरकायची घाई असेल तर तो जमत नाही.

बॅसिलिकाबाबत बोलायचं तर नोव्हेंबर 2024 ते जानेवारी 2025 मध्ये झेवियर यांच्या शवाचं दर दहा वर्षांनी होणारं दर्शन पार पडलं. त्यासाठी अवशेष शेजारच्या से कॅथेड्रलमध्ये नेले होते. तिथून बाहेर पडणाऱ्या भाविकांना समोर दिसत होतं ते उघड्या दगडाचं, लालच चर्च.