ब्रिटिश नागरी विमाने, ऐतिहासिक

व्यापारी सेवेतून निवृत्त झालेली ब्रिटिश बनावटीची प्रवासी विमाने व ती चालविणाऱ्या, आता बहुतांशी लुप्त झालेल्या प्रादेशिक विमान कंपन्या यांचा अभ्यास आणि अवशिष्ट विमानांचे जतन हा ब्रिटनमधील एक रुजलेला छंद आहे. त्याचा उगम विमाने पाहण्याच्या साध्या आवडीत असला, तरी नागरी विमानवाहतुकीच्या इतिहासाची पुष्कळ साधने या हौशी मंडळींमुळेच टिकून राहिली आहेत.

पार्श्वभूमी : ब्रिटनमधील प्रादेशिक सेवांची वाढ प्रामुख्याने बेटांच्या गरजेतून झाली. १९३३ मध्ये कॅप्टन ई. ई. फ्रेसन यांनी स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसहून ऑर्क्नी बेटांकडे विमानसेवा सुरू केली. त्याच वर्षी जर्सी एअरवेजची विमाने जर्सी बेटावर समुद्रकाठच्या वाळूत उतरू लागली. त्यामुळे त्यांचे वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून आखावे लागे. अशा सेवांसाठी डी हॅव्हिलँड कंपनीचे ‘ड्रॅगन रॅपिड’ (१९३४) हे लाकूड व कापड यांनी बनविलेले द्विपंखी विमान विशेष सोयीचे ठरले.

युद्धोत्तर काळात कोणती प्रवासी विमाने लागतील, हे ठरविण्यासाठी १९४२ च्या अखेरीस लॉर्ड ब्रॅबझन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींतून निर्माण झालेल्या विमानांपैकी व्हिकर्स कंपनीचे ‘व्हायकाउंट’ सर्वांत यशस्वी ठरले. टरबाइन एंजिनाने पंखे फिरविणाऱ्या या विमानाने १९४८ मध्ये प्रथम उड्डाण केले आणि पुढे अशी सु. ४४५ विमाने तयार झाली. ‘कॉमेट’ या झोत विमानाने २ मे १९५२ रोजी लंडन-जोहॅनिसबर्ग मार्गावर जगातील पहिली झोत प्रवासी सेवा सुरू केली. तथापि, १९५४ मधील दोन अपघातांनंतर ते मागे घ्यावे लागले. विमानातील हवेचा दाब वारंवार कमीजास्त झाल्याने धातूला शिणवटा येऊन सांगाडा फुटतो, असे फार्नबरो येथील पाण्याच्या टाकीतील चाचणीत आढळून आले.

मोठ्या कंपन्यांनी टाकलेली विमाने लहान कंपन्या विकत घेत. डॅन-एअर (स्थापना १९५३) या कंपनीने सुधारित कॉमेट विमाने १९८० पर्यंत चालविली. १९९२ मध्ये ही कंपनी नाममात्र एक पौंडास ब्रिटिश एअरवेजने घेतली. कंपनी नाहीशी झाली की तिची दप्तरेही विखुरतात आणि येथेच हौशी अभ्यासकांचे कार्य महत्त्वाचे ठरते.

नोंदी : प्रत्येक ब्रिटिश नागरी विमानावर ‘जी’ या अक्षराने सुरू होणारे नोंदणीचिन्ह असते. मालक व देश बदलला की हे चिन्ह बदलू शकते. परंतु कारखान्याने दिलेला क्रमांक कायम राहतो. या दोहोंची सांगड घालून एकेका विमानाचा निर्मितीपासून मोडीपर्यंतचा वृत्तांत तयार केला जातो. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या ‘एअर-ब्रिटन’ या संस्थेने असे वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहेत. हा छंद परदेशात संशयास्पदही ठरला आहे : २००१ मध्ये ग्रीसमध्ये लष्करी तळावरील विमानांच्या नोंदी घेणाऱ्या बारा ब्रिटिश व दोन डच व्यक्तींना हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली. त्यांना शिक्षा सुनावण्यात आली; मात्र २००२ मध्ये अपिलात ते निर्दोष ठरले.

जतन : केंब्रिजजवळील डक्सफर्ड येथे १९७५ पासून स्वयंसेवकांची संस्था प्रवासी विमानांचा संग्रह सांभाळते. जगात उरलेले एकमेव ‘अँबॅसडर’ विमान याच संग्रहात आहे. व्हिकर्सच्या जुन्या कारखान्याच्या जागी ब्रुकलँड्स येथे, तसेच स्कॉटलंडमध्ये ईस्ट फॉर्च्यून येथेही मोठी संग्रहालये आहेत.

प्रवासी विमानाचे आकारमान ही जतनातील मुख्य अडचण होय. छताखाली जागा न मिळाल्यास पावसाने ॲल्युमिनियमचा पत्रा गंजतो, तर रंगकाम व दुरुस्ती यांचा खर्च दरवर्षी चालूच राहतो. त्यामुळे संग्रहालयात पोहोचलेले विमान सुरक्षित झाले, असे मानता येत नाही. कॉसफर्ड येथे उघड्यावर ठेवलेल्या संग्रहातील काही विमाने २००६ मध्ये मोडीत काढण्यात आली. काहींचे सुटे भाग करून ते अन्यत्र हलविण्यात आले. विमान उडते ठेवावे की नाही, याविषयीही मतभेद आहेत. उडते ठेवल्यास मूळ भाग बदलावे लागतात व अपघाताचा धोका राहतो. उभे ठेवल्यास त्याचा आवाज, गती व चालविण्याचे कौशल्य लोप पावते. रॅपिडसारखी लहान विमाने अजून उडविली जातात; मोठ्या झोत विमानांच्या बाबतीत ते खर्च व सुरक्षानियम यांमुळे जवळजवळ अशक्य असते.

भारताशी संबंध : इंडियन एअरलाइन्सने १९५७ पासून व्हायकाउंट विमाने वापरली. ॲव्ह्रो ७४८ या ब्रिटिश आराखड्याच्या विमानांची निर्मिती कानपूर येथे होऊ लागली व त्यांपैकी पहिले १९६१ मध्ये उडाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी डी हॅव्हिलँडच्या ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून मुंबईस टपाल आणले होते. त्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी त्याच कंपनीच्या जुन्या ‘लेपर्ड मॉथ’ विमानातून हा प्रवास पुन्हा केला व ते जुहू येथे उतरले.