एका पेशीच्या मागावर

अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हटले की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर मोठी शस्त्रक्रिया उभी राहते. प्रत्यक्षात रुग्णाच्या खाटेशेजारी सलाइनच्या स्टँडला रक्तासारखी दिसणारी एक पिशवी टांगलेली असते, इतकेच. तिच्यातल्या पेशी शिरेतून शरीरात जातात, हाडांच्या पोकळीतली आपली जागा स्वतःच शोधतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त बनवू लागतात. पिशवीतल्या असंख्य पेशींपैकी हे काम पेलणाऱ्या मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, फार थोड्या. त्या खरोखरच असतात याचा एक निर्णायक पुरावा १९६३ मध्ये एका संशोधक विद्यार्थ्याच्या कामातून मिळाला.

टोरांटोच्या ऑन्टारियो कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स टिल हे जीवभौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक हे रक्तविकारतज्ज्ञ एकत्र काम करत होते. किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट झालेल्या उंदरांना निरोगी मज्जा टोचली तर ते वाचतात, हे तेव्हा माहीत होते. त्यासाठी किती पेशी लागतात, हे दोघांना मोजायचे होते. एका रविवारी मॅक्युलॉक प्रयोगशाळेत गेले, तेव्हा दहा दिवसांपूर्वी मज्जा टोचलेल्या उंदरांच्या प्लीहेवर, म्हणजे पाणथरीवर, त्यांना बारीक गाठी दिसल्या. त्यांनी त्या मोजल्या. जितक्या पेशी जास्त, तितक्या गाठी जास्त. साधारण दहा हजार पेशींमागे एक. १९६१ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

गाठीत तांबड्या पेशी होत्या, पांढऱ्या होत्या आणि प्लेटलेट बनवणाऱ्याही होत्या. हे सारे गोत एकाच पेशीचे, की वेगवेगळ्या पेशी योगायोगाने एका जागी येऊन बसल्या? नुसत्या मोजणीने याचे उत्तर मिळणार नव्हते.

अँड्र्यू बेकर या विद्यार्थ्याने त्यासाठी किरणोत्सर्गाचाच उपयोग करून घेतला. प्रत्यारोपणाच्या पेशींवर किरणांचा मारा केला की बहुतेक मरतात. पण तगलेल्या काहींची गुणसूत्रे तुटून वेडीवाकडी जोडली जातात. अशी मोडतोड प्रत्येक पेशीत निराळी असते आणि पेशी दुभंगली तरी पुढच्या पिढ्यांत तशीच उतरते. जणू अंगावरची जन्मखूणच. ज्या गाठींमध्ये अशी खूण सापडली, तिथे दुभंगणाऱ्या जवळजवळ सगळ्या पेशींवर तीच एक खूण होती. म्हणजे गाठीचा मूळपुरुष एकच. त्याच वर्षी, या गाठींतल्या पेशी दुसऱ्या उंदराला टोचल्यावर तिथेही नव्या गाठी उगवतात, हे त्याच गटाने दाखवले. स्वतःसारख्या पेशी निर्माण करायच्या आणि इतर प्रकारच्या पेशीही घडवायच्या, ही मूलपेशीची ओळख इथून पक्की झाली. पुढे असेही कळले की गाठी करणाऱ्या बहुतेक पेशी मूळ घराण्याच्या एक पायरी खालच्या होत्या. अस्सल मूलपेशी त्याहूनही दुर्मीळ. टिल आणि मॅक्युलॉक यांना २००५ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

एक पेशी सगळे रक्त घडवू शकते, तर तशाच एखाद्या पेशीतला बिघड सगळे रक्त बिघडवूही शकेल. १९९४ मध्ये टोरांटोच्याच जॉन डिक यांच्या गटाने रक्ताच्या एका तीव्र कर्करोगाच्या पेशी उंदरांत टोचून पाहिल्या. रोग पुन्हा रुजवण्याची ताकद सुमारे अडीच लाखांत एका पेशीत होती. औषधांनी रक्त स्वच्छ दिसू लागल्यावरही आजार का उलटतो, याचे एक उत्तर या मूठभर पेशींत आहे.

भारतात हे प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ मध्ये सुरू केले. रक्ताचे काही कर्करोग आणि थॅलेसेमियासारखे आजार यांत ते आज रुळलेले उपचार आहेत. अडचण असते ती जुळणाऱ्या दात्याची. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक.

'स्टेम सेल' हा शब्द मात्र या उपचारांच्या फार पुढे गेला आहे. गुडघेदुखी, स्वमग्नता, मधुमेह, अशा कशावरही पेशी टोचून देण्याच्या जाहिराती दिसतात, आणि धास्तावलेले आईवडील कर्ज काढून पैसे भरतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक आजारांतले रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचे उपचार मान्यताप्राप्त चाचणीतच देता येतात. अशी चाचणी असेल तर तिला क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक असतो. डॉक्टरांकडे तो मागता येतो आणि रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर घरबसल्या पडताळता येतो.