ताऱ्यांचा वर्ग आणि ताऱ्यांचे वय

घोडनदीकाठचे शिरूर व भीमाकाठचे दौंड यांमधील प्रदेश पुष्कळसा सपाट व मोकळा आहे. माघातील सायंकाळी तेथून जे आकाश दिसते, त्यात ताऱ्यांच्या वर्गीकरणाच्या बहुतेक पायऱ्या एकत्र पाहावयास मिळतात. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम या अनुक्रमात मृगातील निळसर राजन्य ‘बी’ वर्गाचा, व्याध ‘ए’चा, प्रश्वा ‘एफ’चा, ब्रह्महृदय ‘जी’चा, रोहिणी ‘के’चा, तर तांबूस काक्षी ‘एम’ वर्गाचा आहे. आपला सूर्य ‘जी’ वर्गात मोडतो.

हा अनुक्रम कशाचा द्योतक आहे? तारा तप्त व निळा जन्मतो आणि निवत निवत तांबडा होतो, अशी समजूत एके काळी प्रचलित होती. ‘आद्य’ व ‘उत्तर’ वर्ग ही नावे तिचाच अवशेष होत. वस्तुतः हा अनुक्रम पृष्ठभागाच्या तपमानाचा आहे. वर्णपटातील रेषांचे बल तपमानानुसार कसे बदलते, याची उपपत्ती मेघनाद साहा यांनी 1920 मध्ये आयनीभवनाच्या सिद्धांताने दिली. राजन्याचे तपमान सुमारे 12,000 केल्विन, सूर्याचे 5,800, तर काक्षीचे 3,500 च्या आसपास आहे.

वर्ग म्हणजे वय नव्हे, हे काक्षीवरूनच स्पष्ट होते. थंड व तांबडी असूनही तिचे वय कोटी वर्षांच्या आसपास असावे. सूर्याचे मात्र सुमारे 460 कोटी वर्षे आहे. याचे कारण वस्तुमान होय. सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या ताऱ्याजवळ इंधन दहापट असते. परंतु तो हजारो पटींनी अधिक ऊर्जा उधळीत असल्याने काही कोटी वर्षांतच केंद्रातील हायड्रोजन संपवितो. सूर्यास तोच साठा एकूण सुमारे 1,000 कोटी वर्षे पुरतो.

अंतही वस्तुमानच ठरविते. सूर्य प्रथम फुगून तांबडा महाकाय तारा होईल व पुढे श्वेत बटू म्हणून उरेल. व्याधाचा 1862 मध्ये दिसलेला जोडीदार असाच आहे: वस्तुमान सूर्याएवढे, आकार पृथ्वीएवढा. अशा अवशेषास सुमारे 1.4 सौर वस्तुमानांची मर्यादा असल्याचे चंद्रशेखर यांनी दाखविले. अतिशय जड ताऱ्यांचा गाभा ती ओलांडून कोसळतो. वृषभ राशीत 1054 मध्ये चिनी निरीक्षकांनी नोंदविलेल्या स्फोटाच्या जागी आज एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे 30 वेळा फिरत आहे.

अशा स्पंदकांच्या रेडिओलहरी शिरूरच्या वायव्येस, जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण टिपते. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली.

तात्पर्य, ताऱ्याचा रंग त्याचे आजचे तपमान सांगतो. त्याचे वय आणि भवितव्य जाणावयाचे, तर त्याचे वस्तुमान आणि त्याची अवस्था यांचा स्वतंत्र शोध घ्यावा लागतो.