मातीचा कुत्रा आणि हजार वर्षांची उडी

माझ्या प्रपोजलच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'कोलिमाचे मातीचे कुत्रे मृताच्या आत्म्याला परलोकात नेत.' गाईडनी त्याखाली रेघ ओढून एवढंच लिहिलं, 'हे कोणी सांगितलं?' उत्तर शोधण्यात माझे दोन आठवडे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून ही पोस्ट.

आधी ओळख करून घेऊ. मेक्सिकोच्या पश्चिम भागात, आजच्या हालिस्को, नायारित आणि कोलिमा या राज्यांत, साधारण इ.स.पू. ३०० ते इ.स. ४०० या काळात लोक एक खास प्रकारची थडगी खणत. विहिरीसारखा उभा खड्डा आणि तळाशी बाजूला कोरलेली एक किंवा अनेक दालनं. दालनात मृतदेह आणि सोबत भाजलेल्या मातीच्या पोकळ आकृत्या: जोडपी, योद्धे, चेंडूचा खेळ खेळणारे, आणि कोलिमाचे ते प्रसिद्ध गुबगुबीत, तांबूस, घोटून चकचकीत केलेले कुत्रे. काहींच्या तोंडात मक्याचं कणीस असतं, तर एखाद्याच्या तोंडावर चक्क माणसाचा मुखवटा!

आता तो 'वाटाड्या कुत्रा' आला कुठून? सोळाव्या शतकात साहागून या स्पॅनिश धर्मगुरूने मध्य मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांकडून माहिती गोळा केली. त्यात मृताला नदी पार करून देणारा कुत्रा आहे. छान जुळतं, नाही का? पण थांबा. थडगी आणि ही नोंद यांच्यात हजाराहून जास्त वर्षं आहेत, शेकडो किलोमीटर आहेत, आणि समाजही वेगळे. शिवाय त्या काळी मेसोअमेरिकेत कुत्रे खाल्लेही जात. मग गुबगुबीत कुत्रा म्हणजे वाटाड्या, की मृताची शिदोरी? की दोन्ही? नुसत्या आकृतीकडे बघून हे ठरत नाही.

असाच प्रश्न डोक्यावर शिंग असलेल्या आकृत्यांचा. १९६०च्या दशकात पीटर फर्स्ट यांनी आजच्या विचोल लोकांच्या विधींचा आधार घेऊन त्यांना शामान, म्हणजे आत्म्यांशी लढणारे मांत्रिक म्हटलं. नंतर काहींनी तेच शिंग शंखाचं, म्हणजे सत्तेचं चिन्ह म्हणून वाचलं. वस्तू तीच, अर्थ दोन.

खरी अडचण अशी की संग्रहालयांत दिसणाऱ्या बहुतेक आकृत्या लुटलेल्या थडग्यांतून आल्या. कोणाशेजारी ठेवली होती, सोबत काय होतं, सगळं पुसलं गेलं. म्हणूनच १९९३ साली हालिस्कोमधल्या वित्सिलापा इथे न लुटलेलं थडगं मिळालं, तेव्हा चित्र बदललं. दोन दालनं, सहा माणसं. हाडांमधल्या समान जन्मजात वैशिष्ट्यांवरून त्यातले बहुतेक एकमेकांचे नातलग असावेत असं दिसलं. आकृत्या, शंख, दागिने कोणाजवळ किती, हेही पहिल्यांदाच नीट नोंदवता आलं. म्हणजे 'ही आकृती कशाचं प्रतीक?' याच्या जोडीला 'हे कुटुंब कोणतं, त्याची पत काय?' असा नवा प्रश्न विचारता आला. आणि हा प्रश्न पुराव्याने तपासता येतो.

तेव्हा प्रपोजल लिहिताना एक साधी सवय लावून घ्या. वहीत तीन रकाने आखा: वस्तूत प्रत्यक्ष काय दिसतं, ती कुठे आणि कशासोबत मिळाली, आणि तिचा अर्थ कोणी, कधी, कशाच्या आधारे सांगितला. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट पहिल्यात घुसली की घोळ झालाच म्हणून समजा.

माझं वाक्य आता असं आहे: 'या कुत्र्यांना वाटाडे मानणारं वाचन प्रामुख्याने हजाराहून अधिक वर्षांनंतरच्या अॅझ्टेक नोंदींवर आधारलेलं आहे.' आधीच्याइतकं रंजक नाही, कबूल. पण आता 'हे कोणी सांगितलं?' असं विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे.

तुमच्या मसुद्यातलं असं वाक्य कोणतं? आजच शोधून बघा.