बादलीभर वाळूचं विमानतळ

"मामा, तो एवढा मोठा मोजा कुणी वाळत घातलाय?"

बेलोरा विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून माझ्या भाचीने विचारलेला हा पहिला प्रश्न. समोर भलीमोठी धावपट्टी, पण बाईसाहेबांचं लक्ष खांबावर लटकलेल्या त्या कापडी पिशवीकडे. नारिंगी-पांढरे पट्टे, दोन्ही तोंडं उघडी, एक रुंद आणि एक अरुंद. वारा रुंद तोंडातून आत शिरतो, पिशवी फुगते आणि वारा जिकडे चाललाय तिकडे तिचं शेपूट वळतं. वारा कुठून येतोय आणि त्याला जोर किती, हे वैमानिकाला लांबूनच कळतं.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या या विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. बडनेऱ्याच्या पलीकडे १,८५० मीटर लांब धावपट्टी. तिच्यावर येतं ते एटीआर-७२ जातीचं विमान. दोन मोठे पंखे, पोटात सत्तरेक माणसं, आणि पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत २७ मीटर.

आमच्या घरीही एक विमान आहे. पांढऱ्या फोमचं, बॅटरीवर चालणारं, रिमोटने उडणारं. पंखांची लांबी एक मीटर, वजन अर्धा किलो. चाकं नाहीत. हाताने सोडायचं आणि गवतावर पोटावर उतरवायचं.

"याचं बरंय," भाची एटीआरकडे बोट दाखवत म्हणाली. "याला सगळी जागा रिकामी मिळते."

खरंच की! बेलोऱ्याच्या वैमानिकाला मोकळी धावपट्टी मिळते, भोवती कुंपण असतं, रेडिओवर सूचना देणारी माणसं असतात, आगीचा बंब तयार असतो. आणि आपल्या मैदानावर? क्रिकेटचे तीन डाव एकमेकांत घुसलेले, कडेने गोल चकरा मारणारे आबाजी, झोक्यावरची चिल्लीपिल्ली, एक कुत्रं आणि चार शेळ्या. विमान छोटं असलं तरी काम सोपं नाही.

मग आम्ही ठरवलं, बेलोऱ्याला जे जे आहे, ते ते आपणही उभारायचं. सामान जमवलं: एक बांबू, जुनी ओढणी, फक्कीची पिशवी आणि एक बादली.

आधी मोजा

ओढणीची लांब पट्टी बांबूच्या टोकाला बांधली, झाला आमचा मोजा! तो ज्या दिशेला फडफडेल, त्याच्या उलट तोंड करून विमान सोडायचं आणि उतरवायचंही तसंच, वाऱ्याला सामोरं.

असं का? विमानाला उचलून धरते ती पंखावरून वाहणारी हवा. जमिनीवरून ते किती वेगाने चाललंय, याच्याशी पंखाला काही देणंघेणं नसतं. समजा, आपल्या विमानाला तरंगत राहायला हवेतून ताशी २५ किलोमीटर वेग लागतो आणि वारा ताशी १० किलोमीटर आहे. वाऱ्याला सामोरं उतरलं तर जमिनीच्या हिशेबाने वेग फक्त १५. वारा पाठीवर घेऊन उतरलं तर ३५! वेग दुपटीहून थोडा जास्त, पण दणका पाचपटीहून अधिक, कारण वेग दुप्पट झाला की टकरीतली ऊर्जा चौपट होते.

वेळही वाऱ्यालाच विचारायची. सकाळी साडेसहाला ओढणी निवांत लटकलेली असते. दहा-अकरा वाजता आपल्या वऱ्हाडातली काळी माती तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर उसळते. मग बघा, घारी पंख न हलवता गोल गोल वर चढतात. घारीची मजा, आपल्या विमानाची फजिती! शिवाय गरम हवा विरळ असते. डिसेंबरातल्या १२ अंशांच्या सकाळपेक्षा मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा सुमारे दहा टक्के विरळ होते. तेवढाच पंखांचा आधार कमी. म्हणून आमचं विमानतळ सकाळी उघडतं आणि ऊन चढायच्या आत बंद होतं.

मग कुंपण

मैदानाच्या एका कडेला आम्ही फक्कीची सरळ रेघ मारली. माणसं रेघेच्या अलीकडे, विमान रेघेच्या पलीकडे. विमानाने रेघ ओलांडून माणसांच्या डोक्यावर यायचं नाही, अगदी "फक्त एकदा" सुद्धा नाही.

"फोमचं तर आहे, लागून लागून किती लागणार?" भाचीचा प्रश्न. मग आम्ही गणित केलं. अर्धा किलोचं विमान ताशी ५४ किलोमीटर वेगाने आलं, तर त्यात जेवढी ऊर्जा असते, जवळजवळ तेवढीच ताशी ९५ किलोमीटर वेगाने आलेल्या सीझन बॉलमध्ये असते. फोम चेपतो म्हणून थोडं बरं. पण नाकावर मोटर असते आणि ती चेपत नाही. हेल्मेटशिवाय सीझन बॉल खेळाल का? मग चकरा मारणाऱ्या आबाजींनी तरी का खेळावा?

आणि तो पुढचा पंखा! आमचा आठ इंची आहे. मिनिटाला ९,००० फेऱ्या मारतो, तेव्हा त्याच्या पात्याचं टोक ताशी जवळपास ३४५ किलोमीटरने धावत असतं. म्हणून बॅटरी जोडली की तो पंखा फिरतोच आहे असं समजायचं. बोटं, केस, ओढणीचं टोक, सगळं त्याच्या मागे. पुढे कुणीच नाही.

रेघेवर उभं राहून एक तपासणी रोज करायची. दोन्ही पंखांखाली एकेक बोट लावून विमान उचला. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे, रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश भागात बोटं असताना ते आडवं राहिलं पाहिजे. शेपूट खाली पडलं तर विमान हवेत बेभान होतं. कागदाच्या विमानावर हे आत्ता करून बघा. नाकाला एक यू-पिन लावून सोडा, मग तीच पिन शेपटीला लावून सोडा. दुसऱ्या वेळी ते कसं उलटंपालटं होतं, ते बघाच.

टॉवरवर कोण?

रिमोट आणि विमान यांच्यात एक न दिसणारी दोरी असते, रेडिओ लहरींची. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये अशाच लहरींनी छोटी होडी चालवून दाखवली, तेव्हा बघणारे चाट पडले. आणि १९५७ साली इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी विजेच्या मोटरवरचं मॉडेल विमान रेडिओच्या साहाय्याने उडवलं. पूर्वी दोघांचे रिमोट एकाच लहरीवर आले की एकाचं विमान दुसऱ्याचं ऐकायचं आणि धाडकन खाली! आताचे २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या विमानाला ओळखून असतात. तरी क्रम पाळायचाच: आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट, आधी बॅटरी काढायची, मग रिमोट. मालकाचा आवाज नसताना विमान कधीच जागं नको.

पण रिमोट धरणाऱ्याची एक अडचण असते. त्याची नजर आभाळात खिळलेली; जमिनीवर कोण आलं, ते त्याला दिसत नाही. म्हणून विमानतळावर असतो तसा लक्ष ठेवणारा एक "टॉवर" शेजारी हवा. आमच्याकडे ते काम भाचीच्या मैत्रिणीचं. तिने विमानाकडे बघायचंच नाही, फक्त मैदानाकडे बघायचं.

एकदा गंमत झाली. भाची विमान उतरवत होती, नाक आमच्याकडे. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, आरशात केस विंचरताना होतं तसं. भलेभले इथे चुकतात. त्यावर एक युक्ती आहे: जो पंख खाली झुकलाय, त्याच बाजूला स्टिक ढकलायची, जणू पडणाऱ्या पंखाला टेकू देतोय. भाची तेच करत होती, तेवढ्यात टॉवर ओरडला, "माणूस आला!"

रोज चकरा मारणारे आबाजी नेमके मैदान ओलांडून मधोमध आले होते. भाचीने क्षणभरही वाट पाहिली नाही. मोटरचा जोर वाढवला, विमान वर घेतलं, दूर नेलं. टॉवर धावत रेघेपर्यंत गेला आणि हाका मारू लागला, "आबाजी, विमान येऊन राह्यलं!"

"येऊ दे ना माय," आबाजी थबकून म्हणाले, "मी बाजूले होतो. पण थे माह्यावर तं नाही पडत?"

"नाही आबाजी, तुम्ही जा आधी!"

मोठी विमानंही हेच करतात. धावपट्टीवर अडथळा दिसला की उतरता उतरता पुन्हा वर जातात, एक फेरी मारून येतात. आणि वर जायला बॅटरीच उरली नसेल तर? तर विमान रिकाम्या झुडपात घालायचं. फोम डिंकाने चिकटतो. आबाजी नाही चिकटत.

आभाळाचा नकाशा

आभाळ मोकळं दिसतं, पण त्यालाही हद्दी असतात. आपल्या देशात २०२१ सालचे ड्रोन नियम आहेत आणि रिमोटची मॉडेल विमानं त्यात येतात. शिक्षण, प्रयोग किंवा मजा म्हणून उडवायचं आणि नजरेच्या टप्प्यातच ठेवायचं, ही मॉडेल विमानाची ओळखच त्यात लिहिलेली आहे. नकाशात हिरवा, पिवळा, लाल असे भाग पाडलेत. हिरव्यात ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत मोकळीक. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फूट. त्याहून जवळ असाल तर परवानगीशिवाय नाहीच. कारण उतरणारं मोठं विमान तिथे खाली आलेलं असतं.

अमरावतीकरांनी बेलोऱ्यापासूनचं अंतर मोजावं. अकोल्याच्या दोस्तांनी तर आणखी जपावं. तुमची शिवणीची धावपट्टी १९४३ सालची, आणि ती कृषी विद्यापीठाला आणि शहराला अगदी लागून आहे. घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊन सरकारच्या 'डिजिटल स्काय' संकेतस्थळावरचा नकाशा बघा, नोंदणी आणि परवानगीचं त्यांच्याकडून तपासून घ्या आणि मैदान ज्यांचं आहे त्यांनाही विचारा. अमरावतीच्या सायन्सकोरसारखं भरवस्तीतलं, सभा-प्रदर्शनांचं मैदान यासाठी नकोच. आणि संक्रांतीच्या दिवसांत कुठेच नको. मांजा विमानाला दिसत नाही आणि तुम्हालाही दिसत नाही.

आणि बादली

आता बादली. तिच्यात काय? कोरडी वाळू. तेच आमचं अग्निशमन दल!

आमच्या विमानाची लिथियम-पॉलिमर बॅटरी मुठीत मावते. ११.१ व्होल्ट, १,००० मिलिअँपिअर-तास. तिच्यात साठलेली सगळी ऊर्जा जराही वाया न जाता वापरता आली, तर ती अर्धा किलोचं विमान सरळ आठ किलोमीटर उंच उचलू शकेल. म्हणजे जवळजवळ एव्हरेस्टएवढं! ही ऊर्जा हळूहळू बाहेर पडली की उड्डाण होतं, एकदम बाहेर पडली की आग.

म्हणून फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही. चार्जिंगला लावून क्लासला जायचं नाही. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिक्कीत ठेवायची नाही, आपल्याकडच्या मे महिन्यात तर मुळीच नाही. आपटलेल्या विमानातली बॅटरी आधी बादलीशेजारी मोकळ्यावर ठेवायची आणि थोडा वेळ लांबून बघत राहायचं. तिने धूर सोडला तर मोठ्या माणसाने वाळू ओतायची, मुलांनी मागे सरायचं.

गेल्या रविवारी आम्ही सगळं विमानतळ उचलून मैदानावर नेलं. ओढणी आडवी फडफडत होती. क्रिकेटचे चार डाव सुरू होते आणि आमच्या रेघेवरच कुणाचातरी स्टंप रोवलेला. आम्ही अर्धा तास थांबलो. आबाजींच्या सहा चकरा झाल्या.

"काय माय, आज इमान नाही?" त्यांनी विचारलं.

"आज नाही आबाजी," म्हणत भाचीने वही काढली. प्रत्येक उड्डाणाची नोंद ती त्यात ठेवते: वारा, वेळ, किती मिनिटं. त्या दिवशी तिने लिहिलं, "उड्डाण रद्द. कारण: धावपट्टी मोकळी नाही."

मग बादली उचलून ती स्टंप रोवणाऱ्या पोरांकडे वळली आणि म्हणाली, "फिल्डिंगला एक कमी आहे का रे?"